तिचं त्याच्याकडे

आमचे सर बायका आणि पुरुष असं कधी म्हणायचेच नाहीत. ते म्हणायचे डाव्या आणि उजवे. पुरुषाच्या शर्टाची बटणं उजव्या पट्टीवर असतात, बाईच्या शर्टाची डाव्या. एवढाच काय तो दोघांत फरक, बाकीचा सगळा शिवणाऱ्यांनी वाढवून ठेवलाय, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे वर्गात हजेरी व्हायची ती अशी: "डाव्या सत्तावीस. उजवे दोन. उरलेले दोन उजवे कुठे उलथलेत?" नवीन आलेल्या मुलींना पहिला आठवडा काही म्हणजे काही कळायचं नाही.

डोंबिवली पूर्वेला फर्निचरच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमची फॅशन डिझाइनची इन्स्टिट्यूट होती. सर तिथे पॅटर्न शिकवायचे. पॅटर्न म्हणजे कापडाला कात्री लावायच्या आधी कागदावर कपड्याचे भाग मापात काढायचे ते. मी त्या चार उजव्यांपैकी एक. राहायला ठाण्यात, वर्तकनगरला. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी चार विषय उडाले आणि दुसरीकडे कुठे घेईनात म्हणून मी इथे आलेलो. बाबा कोलशेतला केमिकल कंपनीत होते. ते कॉलनीत सांगायचे, "पोरगा टेक्सटाइल करतोय." मीसुद्धा मित्रांना तेच सांगायचो. फॅशन हा शब्द आमच्या घरात कोणी काढायचं नाही. मला त्याची लाज वाटायची, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे. उगाच सरांच्या विक्षिप्तपणावर ढकलण्यात अर्थ नाही.

विक्षिप्त मात्र होते. गळ्यात टेप कायम. लग्नालाही टेप लावून जायचे. आमच्या ऑफिसातल्या बाईंच्या मुलीच्या लग्नात स्टेजवर आहेर द्यायला गेले आणि नवऱ्या मुलाला म्हणाले, "अभिनंदन. डावा खांदा पाऊण इंच उतरलाय. तुमचा नाही, कोटाचा." त्या पोराचे पुढचे सगळे फोटो एक खांदा वर करून आलेत. रस्त्यातून चालताना समोरच्याची मापं पुटपुटायचे. एकदा एक हवालदार खवळला, त्याला वाटलं हे मटक्याचे आकडे सांगतायत.

युनिसेक्स हा शब्द कोणी काढला की सर पेटायचे. "युनिसेक्स म्हणजे काय रे? उजव्यांचाच टी-शर्ट. डावीला ढगळ होतो तो. त्याच्यात तिचं काय आहे? सांग ना, एक तरी शिवण तिची आहे का?"

इन्स्टिट्यूटच्या गॅलरीतून समोरच्या चार मजली बिल्डिंगच्या दोऱ्या दिसायच्या. वाळत घातलेले कपडे. सर दुपारचा डबा तिथे उभ्यानेच खायचे, आणि एका हातात चपातीची गुंडाळी धरून दुसऱ्या हाताने वहीत लिहायचे. आम्हाला आधी भलतीच शंका आली. मग एक दिवस त्यांनी स्वतःच वही दाखवली. डाव्या पानावर मथळा होता, 'त्याचं तिच्याकडे'. खाली पानंच्या पानं भरलेली. दुसरा मजला: नवऱ्याचा शर्ट बायको गाऊनवर घालते. तिसरा मजला: भावाचे तीन टी-शर्ट बहिणीकडे, परत नाहीत. पहिला मजला: नातवाचा स्वेटर आजीकडे. उजव्या पानाचा मथळा 'तिचं त्याच्याकडे'. त्या सगळ्या वहीत मिळून उजव्या पानावर एकच नोंद होती. 'चौथा मजला: बायकोची शाल, ताप असताना, घरातल्या घरात.'

"वाहतूक एकेरी आहे," सर म्हणाले. "चार वर्षं बघतोय. आणि हे फक्त समोरच्या बिल्डिंगीत नाहीये."

मग वर्गातल्या त्या खटारा कॉम्प्युटरवर ते आम्हाला परदेशातले रॅम्प शो दाखवायचे. तिकडे पुरुषांच्या कपड्यांचे शो वेगळ्या महिन्यात, बायकांचे वेगळ्या. सर आधी पुरुषांचा लावायचे, मग त्याच माणसाने केलेला बायकांचा, आणि पेन्सिलने स्क्रीनवर टकटक करायचे. "हा बघा खांदा. सहा महिन्यांपूर्वी कोणाच्या अंगावर होता? हा कोट? ही पँट? आता मला उलटं दाखवा. डावीकडून उजवीकडे गेलेलं एक काहीतरी दाखवा. चहा माझ्याकडून." बोला! कोणीतरी म्हणालं, गुलाबी रंग. सर म्हणाले, "रंग म्हणजे कपडा नव्हे. कट दाखव." तो चहा कोणालाच मिळाला नाही.

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. तिने त्याचं घातलं तर फॅशन, त्याने तिचं घातलं तर सोंग. हे ते रागाने नाही म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात आश्चर्य असायचं.

यामागे त्यांचं काय दुखतं ते मला एकट्यालाच कळलं, तेही योगायोगाने. शेवटच्या वर्षी वार्षिक शोसाठी कापड आणायला ते मला बरोबर घेऊन विठ्ठलवाडीला गेले होते. तिथल्या एका गोडाऊनमध्ये त्यांनी विटेच्या रंगाचं जाडंभरडं सुती कापड निवडलं, हात फिरवून, वास घेऊन, दोन तास. दुकानदार वैतागून आत निघून गेला. नंतर आम्ही बाहेर टपरीवर चहा घेतला, आणि मी सहज विचारलं, सर हाच रंग का.

"आई कल्याणजवळच्या वीटभट्टीवर होती," सर म्हणाले. "डोक्यावरून विटा. एका वेळेला बारा. दोन्ही हात वर. दिवसभर."

मग त्यांनी मला उभं केलं. भर रस्त्यात. "हात वर कर. दोन्ही." मी केले. माझा शर्ट पँटीतून सुटून पोटावर आला. बाजूचा भेळवाला बघायला लागला.

"बघितलंस? उजव्यांचा शर्ट हात खाली ठेवून बसणाऱ्या माणसासाठी बेतलेला आहे. हात वर केला की सगळा शर्ट मुंढ्यातून, म्हणजे बाही जोडतात तिथून, ओढला जातो. आईच्या चोळीला काखेत एक चौकोनी तुकडा असायचा, एवढासा." त्यांनी बोटांनी माप दाखवलं. "हात वर गेला की तो तुकडा उघडतो. चोळी जागची हलत नाही. हे कोणी शोधून काढलं असेल? कोणीतरी बाईच. आणि माझे वडील त्याच भट्टीवर, शर्ट घालून, दिवसभर पाठ उघडी. आई त्यांना म्हणाली होती, तुमच्या शर्टाला मी तुकडा लावून देते. ते म्हणाले, बाईचा तुकडा नको."

चहा संपला. सरांनी स्वतःच ग्लास टबात बुडवून धुतला.

"आई गेली तेव्हा ताईने एक चोळी ठेवून घेतली," ते म्हणाले. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, दोघं डोंबिवलीत एकत्र राहायचे. "परवा मी तिच्याकडे मागितली. पॅटर्न काढायचा तर उसवावी लागते रे. एकच होती. दिली तिने."

त्या चोळीवरून सरांनी सात शर्ट बेतले. पुरुषांचे. काखेत तुकडा, पुढे बटणांऐवजी चोळीसारखी गाठ, आणि खाली साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या पुढे घेतलेली पँट. मी खोटं सांगत नाही, कपडे देखणे होते. मी आज पंधरा वर्षं याच धंद्यात आहे, इतके सरळ आणि इतके विचार करून केलेले कपडे मी परत पाहिलेले नाहीत. शोमध्ये आधी सहा मुली पुरुषांच्या कपड्यांतून येणार होत्या, म्हणजे जे नेहमी होतं ते. मग सहा मुलगे, चार आम्ही आणि दोन खालच्या वर्गातले. शेवटी सर. सातवा शर्ट कोणाचा, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मुलग्यांत पहिला मी.

"मीच का सर?" मी विचारलं.

"तुझे खांदे सरळ आहेत. आणि पहिला जसा चालेल तसे मागचे पाच चालतात. मेंढरं असतात ती." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला काही नको. तू फक्त नेहमीसारखा जा आणि ये. लोक हसले नाहीत म्हणजे झालं. एकदा, एका हॉलमध्ये, कोणी हसलं नाही, एवढं मला बघायचंय."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. त्या माणसाला काय हवंय ते मला शब्दाशब्दाने माहीत होतं.

हॉल नेमका वर्तकनगरला निघाला. डायरेक्टर मॅडमना तिथे स्वस्तात मिळाला. माझी तर वाटच लागली. कॉलनीत पोस्टर लागलं, त्यावर फोटोत मी मागच्या रांगेत, आणि टेक्सटाइलचा सगळा बोऱ्या वाजला. शोच्या दिवशी आमच्या नाक्यावरची बारा-तेरा पोरं पुढून चौथ्या रांगेत येऊन बसलेली. मी पडद्याच्या फटीतून मोजली. बाबा आले नव्हते, त्यांनी ड्यूटी मागून घेतली होती.

सहा मुली गेल्या. वडिलांचा कोट, भावाचा शर्ट, ढगळ पँटी. टाळ्या पडल्या. चांगल्या, मनापासून पडल्या. सर माझ्या बाजूला उभे होते, त्यांनी माझी गाठ एकदा नीट केली आणि म्हणाले, "जा."

मी बाहेर आलो. पहिली चार पावलं मी बरोबर चाललो. हॉल शांत होता. खरंच शांत होता, लोक बघत होते, आणि आता मला वाटतं की ते तसेच बघत राहिले असते. तेवढ्यात चौथ्या रांगेतून आवाज आला, "अगं बाई!" मागोमाग एक शिट्टी.

पुढच्या दोन-तीन सेकंदांत मी जे केलं त्याला मी घाबरलो, गोंधळलो, असं काय काय म्हणून पाहिलंय. तसं काही नव्हतं. माझं डोकं एकदम स्वच्छ चाललं होतं. मला कळलं की हे आता मला हसणार, उद्यापासून नाक्यावर रोज हसणार. मग मी हसवलं तर? मग ते माझं. मी एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्याने तोंड झाकलं, लाजलो, आणि कंबर हलवत निघालो.

हॉल फुटला. खुर्च्यांवर लोक डोलायला लागले. माझी कॉलनी तर उभीच राहिली. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. त्याआधी किंवा त्यानंतर एवढ्या लोकांना मी कधी आवडलेलो नाही. टोकाला जाऊन मी निऱ्या उचलून गिरकी घेतली. मागून दुसरा आला, त्याने आतून बघितलंच होतं, त्याने डोक्यावर रुमालाचा पदर घेतला. तिसऱ्याने डोळा मारला. सहावा येईपर्यंत लोकांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. सर म्हणाले होते तसंच झालं, मागचे पाच माझ्यासारखेच चालले.

शेवटी डिझायनरने बाहेर येऊन नमस्कार करायचा असतो. मला वाटलं सर येणार नाहीत. ते आले. सातवा शर्ट त्यांनीच घातला होता. छप्पन्न वर्षांचा माणूस, टक्कल, गळ्यात टेप, पुढे गाठ, निऱ्यांची पँट. त्यांना मागे थांबता आलं असतं, कपडे बदलून येता आलं असतं. ते फळ्याकडे जातात तसे सरळ, सावकाश चालत आले. त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा त्यांना मिळाला.

ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले. आणि मी, अजून लोक माझ्याच हातात आहेत या धुंदीत, त्यांचा हात धरला, वर उचलला आणि त्यांना गर्रकन फिरवलं.

त्यांचा हात वर गेला तेव्हा मी बघितलं. शर्ट जागचा हलला नाही. एक सूतभरही नाही. काखेतला तो तुकडा उघडला आणि मिटला. सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्या हॉलमध्ये ते फक्त मला दिसलं, आणि मी वाकून नमस्कार केला.

आत आल्यावर मी त्यांच्या समोर जायचं टाळत होतो. तेच आले. "काखेत कुठे ओढला का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"बरं." त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला त्या संध्याकाळी 'बेस्ट एंटरटेनर'ची ट्रॉफी मिळाली. डायरेक्टर मॅडम माइकवरून म्हणाल्या, "सर, तुम्ही इतके विनोदी आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं हं!" आणि पुढच्या वर्षीपासून असा एक कॉमेडी राउंड ठेवायचाच, असं जाहीर करून टाकलं. सर खाली बसून टाळ्या वाजवत होते. सोमवारी त्यांनी नेहमीसारखी हजेरी घेतली, डाव्या किती, उजवे किती, आणि कॉलर शिकवली. दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. तब्येतीचं कारण दिलंय, असं ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. डोंबिवलीत त्यांचं घर कुठे ते मला माहीत होतं. मी गेलो नाही. एकदाही नाही.

मग पंधरा वर्षं. मी आता भिवंडीच्या एका कंपनीत पुरुषांचे लग्नसराईचे कपडे बघतो. आणि काय गंमत बघा, सध्या निऱ्यांच्या पँटी आमच्याकडे धो धो चालतात. नवऱ्या मुलाचे मित्र घागऱ्यासारखे घेर घालून नाचतात. मोठ्या रॅम्पवर आता मुलगे-मुली एकाच शोमध्ये एकत्र येतात, मुलाच्या गळ्यात मोत्यांची माळ, अंगात पोलक्यासारखं काहीतरी, आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. ऑफिसात असले व्हिडिओ आले की बाकीचे कट बघतात. माझे कान तापतात.

आणि तरी मी काय केलं, तर त्याच्यावर भाषणं द्यायला लागलो. कल्याणच्या एका कॉलेजात गेल्या वर्षी बोलावलेलं. पुरुषांचे आणि बायकांचे कलेक्शन, त्यांचं नातं वगैरे. बोलता बोलता मी सरांची गोष्ट सांगितली. वही सांगितली, चोळी सांगितली, आणि म्हटलं, त्या शोमध्ये पहिला मी चाललेलो. पोरं एकदम खूश. माझ्याकडे अशी बघायला लागली जसा काही मीच भट्टीवर विटा वाहिल्यात.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, त्या वेळी लोक हसले नाहीत?"

खरं सांगायला यापेक्षा चांगली जागा मला आयुष्यात मिळणार नव्हती. शंभर पोरं, सगळी शिकायला बसलेली. मी म्हणालो, "नाही. शांत होते सगळे. मग उभे राहिले."

टाळ्या. कॉलेजने तो तुकडा कापून फोनवर फिरवला.

दोन आठवड्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन. "ओळखलंस का?" मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. तोच आवाज, थोडा कोरडा झालेला. "शेजारच्या मुलीने ताईला तुझा व्हिडिओ दाखवला. ती जेवायला बोलावतेय. रविवारी ये."

"सर, मी..."

"रविवारी. साडेबाराला. ताईला उशीर चालत नाही."

चार दिवस मी वाक्यं तयार करत होतो. पाय धरायचे, ट्रॉफीचं सांगायचं, नाक्यावरच्या पोरांचं सांगायचं, व्हिडिओत खोटं बोललो ते सांगायचं. बायकोने विचारलं, कुठे निघालास, एवढं तोंड का? मी म्हटलं, पंधरा वर्षांपूर्वीचं एक काम राहिलंय.

ताईंनीच दार उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, काटक, पांढरे केस घट्ट बांधलेले. "ये रे ये! हाच ना तो?" असं सरांना विचारून त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानशिलावर कौतुकाने बोटं मोडली. सर मागे उभे होते. आता सत्तरीचे, बारीक झालेले. गळ्यात टेप नव्हता.

भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची आमटी. ताई वाढत होत्या आणि बोलत होत्या.

"मी यायची होते रे बघायला, पण माझं गुडघ्याचं ऑपरेशन. नेमकं तेव्हाच. आमच्या आईची एकच चोळी राहिलेली, ह्याने मागितली उसवायला. मी म्हटलं, घे बाबा. पण लोक हसले तर मला सांगू नकोस. आईला आमच्या वडिलांनी फार हसून घेतलं होतं त्या तुकड्यापायी, भट्टीवर चार माणसांत. मला परत ते ऐकायचं नव्हतं."

सर खाली मान घालून भाकरी मोडत होते.

"रात्री घरी आला आणि म्हणाला, ताई, कोणी हसलं नाही. मी म्हटलं, खरंच? म्हणाला, खरंच." ताईंनी सरांच्या ताटात भाकरी वाढली. "मी ह्याला ओळखते ना. पंधरा वर्षं मी अर्धाच विश्वास ठेवला बघ. नोकरी का सोडली, तर म्हणे कंटाळा आला. परवा तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा मेलं बरं वाटलं. तू कशाला खोटं बोलशील?"

मी ताटातलं वांगं भाकरीने चिरडत राहिलो.

"खरं ना रे?" ताईंनी विचारलं. हातात आमटीची पळी तशीच धरलेली. "कोणी कोणी हसलं नाही?"

सरांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला वाटलं तसला राग नव्हता. ते मला सांगत होते, हो म्हण. हात जोडून नव्हे, पण सांगत होते.

"खरं, ताई," मी म्हणालो. "एकही माणूस हसला नाही."

"बघ!" ताई सरांना म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या वाटीत आमटी ओतली, काठोकाठ. "घे, जेव पोटभर. माझ्या आईचं केलंस तू."

ते जेवण मी कसं संपवलं ते मला विचारू नका. ताईंनी दोनदा वाढलं, मी दोनदा घेतलं.

निघताना सर खाली सोडायला आले. जिन्यात मी सुरुवात केली, तर म्हणाले, "इथे नको. भिंती पातळ आहेत." गेटबाहेर आलो. रिक्षा उभ्या होत्या. मी त्यांच्या पायाशी वाकायला गेलो तर त्यांनी मला दंडाला धरून सरळ केलं.

"तू काय बोलायला आलायस ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आत्ता ते बोललास तर मला वर जाऊन तिच्यासमोर बसायचंय. तिला माझा चेहरा वाचता येतो. पंधरा वर्षं मी एक गोष्ट कशीबशी लपवली. दुसरी मला लपवता येणार नाही."

"पण सर, मला तुमची..."

"ती आहे तोवर तू माझी माफी मागायची नाहीस. ती आहे तोवर कोणी हसलं नव्हतं. ती गेल्यावर ये. तेव्हा माग."

"तेव्हा कराल ना माफ?"

सरांनी थोडा विचार केला. ते कधीच उगाच बोलायचे नाहीत. "तेव्हा बघू," म्हणाले, आणि जिना चढून गेले.

आता महिन्यातल्या एका रविवारी मी तिथे जेवायला जातो. ताई बोलावतात, मला नाही म्हणता येत नाही. दर वेळी त्या एकदा तरी तो विषय काढतात, शेजारणीला बसवून माझ्याकडून वदवून घेतात, आणि मी सांगतो. शांत होते सगळे, मग उभे राहिले. आता मला ते इतकं छान जमतं की शेजारीण डोळे पुसते. सर तोवर ताटातली मिरची बाजूला काढत बसतात. त्यांनी मला आजवर एका शब्दानेही दुखावलेलं नाही.

ताईंना साखर नाही, बीपी नाही, त्या गुडघ्याने गच्चीपर्यंत चढतात. फोनवर सरांचं नाव दिसलं की ताई गेल्या की काय, असंच आधी मनात येतं, आणि पलीकडून ताईंचाच आवाज आला, "येतोयस ना रे?", की मी सुटतो. त्यांना शंभर वर्षं आयुष्य मिळो, असं मी रोज अगदी मनापासून म्हणतो. त्यात माझा चांगुलपणा काडीइतकाही नाही.